सात वेढ्यांची कॉइल

कल्याण पूर्व,
बुधवार

प्रिय पायल,

सप्रेम जयभीम.

हे पत्र आपल्या खालच्या मजल्यावरच्या रमाबाईंच्या हाती पाठवतेय. त्यांची लेक आंबिवलीला तुमच्याच गल्लीत दिलीय, उद्या त्या तिच्याकडे निघाल्यात. त्यांना एवढंच सांगितलंय की पायलच्याच हातात द्या, तिच्या आईच्या नको. आता त्या बाईच्या पोटात हे किती वेळ टिकेल ते तूच बघ. मी तुला फोन केलेले, सात-आठ वेळा तरी. तू उचलला नाहीस ते बरंच केलंस. उचलला असतास तर 'जेवलीस का, बरी आहेस ना' असलं काहीतरी फालतू बोलून मी ठेवून दिला असता. खरं बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळते, एरवी तोंडाचा पट्टा कसा चालतो ते तुला माहीतच आहे.

रविवारी तुमच्या विहारात बैठक आहे. दोन्हीकडची चार-चार माणसं बसणार, आमच्याकडून महेंद्रभाऊजी बोलणार, तुला विचारणार की नांदायचंय का. तू 'नाही' म्हणालीस की तिथल्या तिथे कागद करायचा असं ठरलंय. भाऊजींनी मला तुझं बोलणं सांगितलं. तू त्यांना म्हणालीस, 'तो ओढतो म्हणून नाही काका, शपथ घेऊन माझ्याशी खोटं बोलला म्हणून.' ते ऐकल्यापासून पाच दिवस झाले, मला घास गोड लागत नाही. त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितेय. पण मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई नाही. तू मला म्हणायचीस ना, 'आई, तुम्ही दादरला जायला कसाऱ्यावरून निघता.' तसंच होणार आहे. जरा धीर धर आणि शेवटपर्यंत वाच.

घरचं सांगते. दूध अर्धा लिटर केलंय. तू कुंडीत लावलेला गवती चहा माजलाय नुसता, कापायला माझा हात होत नाही. शेजारची कल्पिता रोज विचारते, वहिनी कधी येणार. मी रोज नवीन काहीतरी सांगते. परवा म्हटलं लॅबच्या ट्रेनिंगला पाठवलंय. सम्यक कामावर जातो, येतो, जेवतो, स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवतो. माझ्याशी भांडत नाही. अगं, भांडला असता, दोन भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. 'हो आई', 'नको आई', 'ठेव आई', याच्यापलीकडे शब्द नाही. असा नम्र तर तो शाळेतल्या बाईंशीसुद्धा नव्हता.

लग्न होऊन आलीस तेव्हा तू मला विचारलेलंस, आई, तुम्ही कोलशेतला नक्की काय करायचात? मी म्हटलं, हीटरच्या कॉइल. तू 'अच्छा' म्हणालीस आणि विषय संपला. सव्वीस वर्षं केलं ते काम, पायल. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही अकरा बायका. इस्त्रीची कॉइल, गीझरची, केस वाळवायच्या मशीनची. नायक्रोमची तार घ्यायची, दांड्यावर वेढे घालत जायचं. वेढ्याला वेढा खेटला पाहिजे पण वर चढता कामा नये. वळून झाली की करंट देऊन बघायची. कॉइल मधोमध लाल व्हायला लागून दोन्हीकडे सारखी पसरली तर पास, कडेला आधी लाल झाली तर समजायचं की हात सैल पडलाय. मी डावखुरी, त्यामुळे पहिल्याच दिवशी सुपरवायझरने मला घरी पाठवायला काढलेलं. तिथली सगळी जिगं उजव्या हाताची. जिग म्हणजे साचाच म्हण, तार धरायला आणि दांडा फिरवायला बनवलेलं हत्यार. मग मी माझं वेगळं जिग बनवून घेतलं, हँडल डावीकडे. माझे वेढे बाकीच्या बायकांच्या उलटे चढायचे, पण मीटरला लावले की आकडा एक पॉइंट इकडचा तिकडे नाही. सुपरवायझर नंतर मलाच दाखवून नव्या पोरींना शिकवायचा. शेडचा एक नियम होता, रिकामा साचा टेबलावर दिसता कामा नये. दिसला की भरायचा, मग तो तुझा असो की शेजारणीचा. पुढे मशीन आलं आणि आम्ही अकराच्या अकरा घरी बसलो. मालकांनी उरलेल्या तारेची दोन-दोन रिळं आठवण म्हणून दिली. बाकीच्यांनी ती भंगारात घातली, मी घरी आणली.

घरी बसून माझे हात शिवशिवायचे. शेंगा सोलून झाल्या, गोधड्या शिवून झाल्या, तरी बोटं आपली चालूच. अशात एक रविवार आला. तू माहेरी गेलेलीस आणि सम्यक हॉलमध्ये बसून स्क्रूड्रायव्हरवर तार गुंडाळत होता. मी बघितलं आणि मला हसूच आवरेना. म्हटलं, अरे, ही कॉइल आहे की मॅगी? माझ्या पोटी जन्म घेऊन हे असलं वळतोस? आण इकडे. झालं. मी ती वळून दिली आणि मग विचारलं की हे कशासाठी. आधी विचारायचं असतं हे सव्वीस वर्षांत मला कोणी शिकवलंच नव्हतं. ऑर्डर यायची, आम्ही वळायचो.

मग त्याने सांगितलं. तुला दिलेल्या शब्दाखातर सिगारेट सोडली, पण ऑफिसातल्या राकेशने त्याच्या हाती ते दुसरं दिलं, वाफेचं, ई-सिगारेट म्हणतात ते. सरकारने बंदी घातलीय, तरी मिळतं म्हणे इकडेतिकडे. पण त्यातली कॉइल आठ-दहा दिवसांत जळते, आणि नवी मिळायची मारामार. सम्यकच्या बाबांना विडीने नेलं. तू त्यांना पाहिलं नाहीस. शेवटी शेवटी आपल्या ह्या जिन्यावर तीन वेळा बसायचे. मी मनाला समजावलं की हा धूर थोडाच आहे, वाफ आहे, कुकरची निघते तशी. आणि हे तुला सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंसुद्धा नाही. न ठरवताच ते तसं झालं.

तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवतो? त्यात जे सामान आहे ना, ते मी बनवलं. पहिलं जिग सायकलच्या स्पोकचं. एका टोकाला वाकवून हँडल केलं आणि मोडक्या पोळपाटाच्या तुकड्यात बसवलं. दुसऱ्याला जरा जाड दांडा पाहिजे होता म्हणून माझी विणायची सुई कापली. कोळसेवाडीच्या चावीवाल्याकडून पट्टीला भोकं पाडून आणली. तो म्हणतो, मावशी, ह्याने कुलूप कुठलं उघडणार? तिसरं जिग तर काय विचारू नकोस. राकेशने कुठेतरी बघितलेलं की दोन तारा शेजारी धरून त्यांच्यावर तिसरी बारीक तार गुंडाळायची. ह्याला म्हणतात आव्हान! त्यात तार स्वतःभोवती फिरली पाहिजे आणि तिला पीळ तर पडता कामा नये. दोन दिवस डोकं चाललं नाही. मग तुळसाची आठवण झाली. कोलशेतला माझ्या शेजारी बसायची, तिकडचीच आगरीण. तिचा दीर अजून खाडीत मासे धरतो. गळाच्या दोरीला लावतात ती पितळेची फिरकी मी तिच्याकडून मागून आणली. ती म्हणते, 'काय गो शालन, ह्या वयान मासं पकराला चाललीस का?' मी म्हटलं, हो बाई, घरातच एक मोठा मासा लागलाय गळाला. दोघी खूप हसलो.

लॅबची ड्युटी करून तू आठला घरी यायचीस, सम्यक साडेसहाला घरी यायचा. मधला दीड तास आमचा. माझं जिग डाव्या हाताचं, ते त्याला काही केल्या जमत नव्हतं, म्हणून हँडल मी फिरवायची आणि रीळ ताणून धरायचं काम त्याचं. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही जमिनीवर बसायचो. लग्न झाल्यावर मुलगा आईजवळ बसत नाही, त्याचं मला वाईट नाही, रीतच आहे ती. पण हा माझा मुलगा दहावीनंतर माझ्याशी धड बोललाच नव्हता, पायल. आणि आता तार धरून बसला की बोलत सुटायचा. कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट अडकली, साहेब काय म्हणाले, राकेशची सोयरीक कशी मोडली. तुझंही बोलायचा. तू झोपेत हसतेस हे मला त्याने सांगितलेलं. असा दीड तास मिळावा म्हणून मी काय वाट्टेल ते वळून दिलं असतं. आणि जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की मी डबा बंद करायचे. त्याने कधी सांगितलं नाही बंद कर म्हणून. मीच करायचे.

मग तुला ते यंत्र सापडलं आणि तुमचं पहिलं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तू मेथी निवडायला माझ्यासमोर बसलीस आणि तुझ्या वडिलांचं सांगितलंस. रोज तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे की आजपासून बंद, आणि रोज तोंडाला वास. तू म्हणालीस, 'आई, दारूचं मला एवढं नाही वाटायचं. माझ्या डोक्यावर हात ठेवायचे ना, त्याचं वाटायचं.' दुधाने तोंड पोळलेली पोर तू. मग म्हणालीस, 'तुमचं ऐकतो तो, तुम्ही सांगा.' मी म्हटलं, सांगते ना. आणि त्याच संध्याकाळी मी त्याला सहा कॉइल वळून दिल्या, एकदम. पुढे माळा साफ करताना तुझ्या हाती तो डबा लागला तेव्हाही मी म्हटलं, माझं कारखान्याचं सामान आहे, राहू दे. तू ओढणीने डबा पुसलास आणि जपून परत ठेवलास. मी बघत उभी होते.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा विहारात तुम्ही दोघं पुढे बसलेलात. त्याने तुझ्याकडे वळून काहीतरी म्हटलं आणि तू डोळे पुसलेस. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी माझ्याजवळ बसायचा थांबला. कामावरून आला की आंघोळ, मग मोबाइल, मग तुझी वाट बघत गॅलरीत. चिडचिड करायचा, पाणी पी पी प्यायचा. असे तीनेक आठवडे गेले. डबा माळ्यावर आणि मी हॉलमध्ये, दोघंही नुसते पडून.

त्या शनिवारी संध्याकाळी मी तुमचं कपाट आवरायला घेतलं. सम्यकच्या खणात, रुमालांच्या खाली, ते यंत्र होतं. उघडून बघितलं तर आत कॉइलच नाही. दोन खांब नुसते उभे, मधली जागा रिकामी. मला वाटलं कॉइल जळाली असेल, पोरगं आपल्याला सांगायला लाजत असेल. आणि शेडची सवय. रिकामा साचा दिसला की हात थांबत नाहीत. डबा खाली काढला. आता रीळ ताणून धरायला कोणी नव्हतं, तर शिलाई मशीनची बॉबिन केस घेतली, तिच्या पत्तीखालून तार ओढली, एकदम हवी तेवढी ताणली गेली. सात वेढे घातले. अगं, आयुष्यात तशी कॉइल वळली नसेल मी. दोन्ही पाय सारखे, वेढ्यात केसाएवढी फट नाही. बसवली, कापूस घातला, बाटलीत तळाला उरलेलं ते आंब्याच्या वासाचं पाणी घातलं आणि चालतंय का बघायला बटण दाबलं. वाफ आली. जिथल्या तिथे ठेवून दिलं आणि कणीक भिजवायला घेतली.

सम्यक त्या दिवशी उशिरा, तुझ्या जरा आधीच येऊन हॉलमध्ये टेकलेला. आठला तू आलीस. खोलीत गेल्या गेल्या तुला वास आला. पुढचं तुला माहीत आहे, पण तू बघितलंस ते एका बाजूने बघितलंस, आता माझ्या बाजूने बघ. तू खण उघडून ते यंत्र बाहेर काढलंस आणि हॉलमध्ये आलीस. म्हणालीस, 'तू मला कॉइल काढून दाखवलेलीस. मला म्हणालेलास की ही जागा रिकामी दिसेल तोवर समज की मी शब्द पाळतोय.' हे मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, 'पायल, शपथ, मी हातसुद्धा लावला नाही.' तू म्हणालीस, 'मग काय आपोआप उगवली?' आणि तू माझ्याकडे वळलीस. माझे हात पिठाचे. तू म्हणालीस, 'आई, तुम्ही दिवसभर घरात होता, तुम्ही सांगा.' आणि मी म्हटलं, 'मला काय माहीत बाई तुमचं.'

एवढंच. पाच शब्द. मी मोजलेत ते.

सम्यकने ते यंत्र तुझ्या हातातून घेतलं, ट्यूबलाइटखाली धरलं, आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. त्याला कळलं. दीड वर्ष तो ती तार धरून माझ्यासमोर बसलेला, माझा हात त्याला कळणार नाही होय? आणि मग तो म्हणाला, 'हो, मीच लावली.' तू विचारलंस, मघाशी शपथ का घेतलीस? त्याने ते यंत्र परत तुझ्या हातात ठेवलं. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी खोलीच्या दारापर्यंत आलेले. तीन वेळा आले आणि तीन वेळा परत गेले.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून भात टाकून आले. आता परत वाचलं तर माझं मलाच कळलं की मी अजून झोल करतेय. कॉइल जळाली असेल असं वाटलं, शेडची सवय, हात थांबत नाहीत. काय एकेक! चोर तो चोर वर शिरजोर. पायल, मला माहीत होतं. नक्की शब्द काय दिलाय ते माहीत नव्हतं, पण त्याने सोडलंय हे मला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच कळलेलं. आईला कळत नाही होय? जळालेली कॉइल काढली तर खांबांना काळं राहतं. ते खांब पुसून लख्ख केलेले. सोडणाऱ्या माणसाने पुसलेले. ते बघूनसुद्धा मी कॉइल वळायला बसले. मला तो ओढायला नको होता, खरंच नको होता. मला तो साडेसहाला माझ्यासमोर येऊन बसायला हवा होता. तू आलीस, तू त्याला सुधारलंस, आणि मला तुझा राग आला. हे लिहिताना लाज वाटतेय, पण आलाच. जी पोरगी माझ्या पोराला वाचवत होती तिचा मला हेवा वाटला.

तुला यातला एकही शब्द खरा मानायची सक्ती नाही. आमच्या घरातल्या माणसांनी तुला तेवढं कारण ठेवलेलं नाही. पण ते यंत्र तू पर्समध्ये टाकून नेलंस, ते मी बघितलेलं. फेकलं नसशील तर उघड. वेढे कुठल्या बाजूला चढतात ते बघ. मग घरातला कुठलाही स्प्रिंगचा बॉलपेन उघड, तुझ्या भावाला पेन्सिलवर तार गुंडाळायला सांग, काय वाटेल ते कर. सम्यक उजव्या हाताचा आहे. तसे उलटे वेढे त्याच्या हातून पडत नाहीत, आणि माझ्या जिगावर त्याला एक वेढासुद्धा घालता येत नाही. आधी वळून दिलेल्यांतली एकही कॉइल तेव्हा उरलेली नव्हती.

तू गेल्यापासून त्याने कशालाही हात लावलेला नाही. राकेशने बाहेर दिलं तरी घेत नाही, हे राकेशच सांगून गेला, तोंड वाकडं करून. आणि माझं म्हणशील तर मी दर रविवारी विहारात जाते, पंचशील म्हणायला सगळ्यांबरोबर उभी राहते, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझा आवाज निघत नाही. शेजारच्या बाईला वाटतं मला दम लागतो. ती पाण्याची बाटली पुढे करते आणि मी पिते.

आता हे आजच का, ते सांगते. काल मी सम्यकला म्हटलं की रविवारी मी बैठकीत उठून सगळं सांगणार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, 'आई, तू काही बोलायचं नाहीस. लोक तुला आयुष्यभर नावं ठेवतील. मी ऐकून घेईन, माझं वय आहे ऐकून घ्यायचं.' मी त्याला हो म्हटलं नाही. पायल, मी रविवारी उठणार आणि बोलणार, त्याला आवडो न आवडो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की तू हे चार लोकांसमोर पहिल्यांदा ऐकलंस तर काय होईल. सगळे तुझ्याकडे बघतील. महेंद्रभाऊजी म्हणतील, बघ पोरी, झालं ना आता, ऊठ, चल घरी. तुझी आई रडेल. आणि तुला वाटो न वाटो, तुला माफ करावं लागेल, भरल्या सभेत, म्हाताऱ्या बाईची दया येऊन. तसं मला नकोय. म्हणून तुला चार दिवस आधी लिहितेय, एकटीने वाचावंस म्हणून. परत ये असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवलाय. रविवारी 'नाही' म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मी तुझ्या बाजूने मान हलवेन. तू म्हणशील तेच होईल असं मी सगळ्यांना सांगेन. पण 'शपथ घेऊन खोटं बोलला' हे त्याच्या नावावर ठेवून जाऊ नकोस. विहारात तुला शब्द दिल्यापासून तो तुझ्याशी एकदाच खोटं बोलला, 'मीच लावली' म्हणाला तेव्हा. ते त्याने तुला फसवायला नाही, मला झाकायला केलं. तेवढं एक खोटं माझ्या नावावर लाव, आणि मग काय ठरवायचं ते ठरव.

तुझी सासू राहिले नाही तरी,
तुझीच,
शालन